धनुर्वात : ‘थांब’ म्हणणारा निरोप्या गप्प होतो तेव्हा

पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. चाळिशीतले एक शेतकरी भावाला घेऊन दवाखान्यात आले. दात आवळलेलेच होते. कसेबसे म्हणाले, “डॉक्टरसाहेब, कालपासून तोंड उघडेना. दाढ धरली असावी.” मीही आधी दाढच पाहायला गेलो, पण जीभ दाबायची पट्टी दातांच्या फटीतून पुढे सरकेना. तेव्हा शंका आली. “पायाला काही लागलं होतं का?” बराच विचार करून भाऊ म्हणाला, “आठ-दहा दिवसांमागं बाभळीचा काटा मोडला होता. सुईनं काढला, वर चुना लावला.”

हा धनुर्वात होता. त्याच दिवशी त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवले. निघताना भावाने विचारले, “शुद्धीत आहे, सगळं समजतंय, मग अंग असं का आखडतंय?” प्रश्न अगदी रास्त होता.

वाचकहो, आपण कोपरातून हात वाकवतो तेव्हा दंडाच्या पुढचा स्नायू आखडतो आणि मागचा सैल पडतो. दोन्ही एकदम आखडले तर हात जागचा हलणार नाही. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत असतात. त्यांच्याकडे सतत रासायनिक निरोप येत असतात. ग्लुटामेट हा निरोप्या ‘चल’ म्हणतो. ग्लायसिन आणि गाबा हे दोघे ‘थांब’ म्हणतात. दोन्हींची गोळाबेरीज करून चेतापेशी स्नायूला हुकूम सोडते. म्हणजे हालचालीला जोर जितका लागतो, तितकाच लगामही लागतो.

धनुर्वाताचे जंतू माती आणि शेणात असतात. हवा न पोचणाऱ्या खोल जखमेत ते वाढतात व विष तयार करतात. हे विष चेतातंतूंतून वर चढत मज्जारज्जूत पोचते आणि तिथे ‘थांब’ म्हणणाऱ्या निरोप्यांची वाटच अडवते. लगाम सुटतो. मग दार आपटले किंवा दिवा लावला, एवढ्यानेही सर्वांगाला झटका येतो. जबडा मिटणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा बळकट, म्हणून दातखीळ बसते. पाठीचे स्नायू बळकट, म्हणून शरीर धनुष्यासारखे वाकते. मेंदू मात्र जागा असतो. प्रत्येक झटक्याची वेदना रोग्याला कळते. ही बाहेरची बाधा नव्हे. अंगारे-धुपाऱ्यात वेळ घालवू नये. आपल्याकडच्या काजऱ्याच्या बियांतील स्ट्रिक्निन हे विषही ग्लायसिनचेच काम बंद पाडते, म्हणून त्याचे झटकेही असेच दिसतात.

विष एकदा चेतापेशीत शिरले की औषधाने बाहेर काढता येत नाही. प्रतिविषाचे इंजेक्शन फक्त मोकळ्या विषाला निकामी करते. गाबाला बळ देणारी औषधे, शांत अंधारी खोली, गरज पडल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास, यांवर रोग्याला जगवायचे आणि चेतातंतूंची टोके नव्याने फुटेपर्यंत कित्येक आठवडे वाट पाहायची. म्हणूनच खरा इलाज आधीचा आहे.

जखम साबणाने व वाहत्या पाण्याने धुवावी. माती, शेण, चुना, राख लावू नये. फक्त गंजलेल्या लोखंडानेच धनुर्वात होतो, हा गैरसमज आहे. काटा, काच, लाकडाची कुसळही पुरते. मुलांना दीड, अडीच व साडेतीन महिन्यांचे डोस, पुढे दीड वर्षाच्या सुमारास, पाचव्या, दहाव्या व सोळाव्या वर्षी लस द्यावी. गरोदरपणीची लस चुकवू नये. तिच्यामुळे आणि स्वच्छ बाळंतपणामुळे 2015 साली भारतात माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. पूर्वीच्या ‘टीटी’ऐवजी आता ‘टीडी’ लस मिळते. ती घटसर्पापासूनही वाचवते. डोस पूर्ण झालेले असतील तर दर खरचटण्याला सुई नको. मात्र जखम मळकी असेल आणि शेवटच्या डोसला पाच वर्षे उलटली असतील, तर जरूर घ्यावी. कधीच लस घेतली नसेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

ते शेतकरी पाच आठवड्यांनी घरी परतले. हा आजार होऊन गेला तरी प्रतिकारशक्ती येत नाही, म्हणून त्यांनाही लस दिली. पुढच्या सोमवारी ते दोन्ही मुलांना घेऊन आले. म्हणाले, “यांनाही टोचा. काटा काय, विचारून थोडाच मोडतो!”