सर, पुन्हा लावा की! (लेखमाला : ऐकणारा वर्ग, लेखांक 6)

गेल्या आठवड्यात आपण श्रुतलेखनापाशी थांबलो होतो. तेच काम पॉडकास्टकडून कसं करून घ्यायचं, ते आज पाहू.

माझ्या लहानपणी गुरुजी टेबलावर ट्रान्झिस्टर ठेवून शालेय कार्यक्रम लावत. मध्येच खरखर आली की ते वाक्य गेलं ते गेलंच. पॉडकास्ट म्हणजे तसा साठवून ठेवलेला रेडिओच. हा शब्द 2004 साली ‘गार्डियन’मधल्या एका लेखात पहिल्यांदा उमटला. शिक्षकाच्या दृष्टीने त्यातली खरी गंमत एकच : गेलेलं वाक्य परत आणता येतं.

आपण मात्र ऐकणं शिकवत नाही, तपासतो. 2019 च्या दहावीत भाषांच्या तोंडी परीक्षेचे अंतर्गत 20 गुण काढले, निकाल 77.10 टक्क्यांवर आला, ओरड झाली आणि गुण परत आले. मुलांच्या कानांचं काय, हे त्या गदारोळात कोण विचारणार? लातूर पॅटर्नने प्रश्नपत्रिका सोडवून घेण्याचं शास्त्र केलं. पण कानाला ओएमआर शीट नसते. भाषा-अध्यापनाचे अभ्यासक जॉन फील्ड यांनी 2008 च्या पुस्तकात इंग्रजीच्या वर्गांबद्दल हीच तक्रार केली : ध्वनिफीत लावायची, प्रश्न विचारायचे, चूक-बरोबर सांगून पुढे जायचं. का चुकलं, हे कोणी पाहत नाही.

म्हणून दोनच मिनिटांचा तुकडा घ्या. पहिल्यांदा नुसतं ऐकू द्या. कोण, कुणाशी, कशाबद्दल बोलतंय एवढंच विचारा. मग एक वाक्य निवडून जसं ऐकू येईल तसं लिहायला सांगा. ‘डिड यू ईट’ हे तिन्ही शब्द मुलीला वाचता येतात, पण कानावर पडतं ‘डिज्यूईट’. वही तिथे कोरी राहते. तेवढंच वाक्य चारदा, पाचदा मागे घ्या. त्या दिवसाचा धडा तोच. व्हॉइस ऑफ अमेरिकेने 1959 पासून मोजक्या शब्दांत, संथ गतीने बातम्या दिल्या. सुरुवातीला ती पद्धत उत्तम. पण मूल तिथेच रमलं, तर हे ‘डिज्यूईट’ त्याला कधी भेटणारच नाही.

भाग घरूनच डाउनलोड करून आणा. मोबाइल स्टीलच्या डब्यात ठेवण्याची युक्ती आवाज वाढवते खरी, पण शब्द घुमतात. छोटा स्पीकर बरा.

मराठीच्या तासाला आपल्याकडची, म्हणजे मराठवाड्यातली, गोष्ट अधिक रंगते. देगलूर-धर्माबादकडे अनेक घरांत तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, किनवट-माहूरच्या तांड्यांवर गोरमाटी. मराठी घरातलं पोरही ‘काय करायलास?’ ऐकत वाढतं आणि बीबीसी मराठीच्या ‘तीन गोष्टी’त त्याला वेगळीच मराठी भेटते. ‘करायलास’ला अशुद्ध म्हणू नका. तेच वाक्य पॉडकास्टमधली बाई कसं म्हणेल आणि आपली आजी कसं म्हणेल, हे मुलांना म्हणून दाखवू द्या. फरक कान आपोआप टिपतात.

मग उलटं करा. 17 सप्टेंबर 1948 ला निजामी राजवट संपली, तेव्हाचं आठवणारे म्हातारे गावात अजून सापडतात. त्यांच्या परवानगीने पाच मिनिटं रेकॉर्ड करा. ‘दरखास्त’, ‘मुद्दत’ असे उर्दू शब्द आले की पोरं एकमेकांकडे बघतात. अर्थ लगेच सांगू नका. मागचं-पुढचं वाक्य पुन्हा ऐकवा आणि अंदाज बांधू द्या. चुकला तर आजोबा आहेतच.

पुढच्या आठवड्यात : अशा रेकॉर्डिंगवरून प्रश्न काढायचे कसे, आणि ते मुलांनीच का काढावेत.