रेटिंग कमी, तरी दिव्या जिंकली कशी? बुद्धिबळातला हा आकडा समजून घ्या

जॉर्जियातील बाटुमी येथे जुलै २०२५ मध्ये महिला विश्वचषक बुद्धिबळाची फायनल झाली. समोरासमोर दोघी भारतीयच. नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख आणि आंध्र प्रदेशची ३८ वर्षांची कोनेरू हम्पी. दिव्याचं रेटिंग २४६३, हम्पीचं २५४३. तरी कप दिव्याने आणला.

रेटिंग म्हणजे काय?

आजवर कोणाशी खेळलात आणि निकाल काय लागला, यावरून काढलेला हा अंदाज आहे. जिंकल्यास १ गुण, बरोबरीला अर्धा. रेटिंगमध्ये ८० चा फरक असेल तर दहा डावांत वरच्या खेळाडूला साधारण सहा गुण मिळतील, खालच्याला चार. आकडा एवढंच सांगतो. एका डावाची हमी देत नाही.

वाढतं-घटतं कसं?

१६०० वाल्याने १८०० वाल्याला हरवलं तर त्याचे साधारण १५ गुण वाढतात. हरला तर फक्त ५ जातात. बरोबरी झाली तरी ५ वाढतात. नवखे खेळाडू आणि १८ वर्षांखालील मुलं यांना हे आकडे दुप्पट लागतात.

फायनलमध्ये काय घडलं?

जास्त वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला कमी वेळेचे रॅपिड डाव झाले. इथे पारडं हम्पीचं जड, कारण ती तेव्हा रॅपिडची जगज्जेती होती. पहिला डाव बरोबरीत गेला. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी होती. घड्याळात वेळ उरला नाही तशा हम्पीकडून चुका झाल्या आणि दिव्याने २.५-१.५ ने कप जिंकला.

ग्रँडमास्टर व्हायला एरवी २५०० रेटिंग आणि तीन नॉर्म लागतात. दिव्याकडे एकही नॉर्म नव्हता. या विजयाने तिला थेट किताब मिळाला. ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर.

आपल्या पोरांसाठी

मोबाईल ॲपवरचं रेटिंग वेगळं, ते फिडेचं नसतं. त्यासाठी फिडेची मान्यता असलेल्या स्पर्धेत उतरावं लागतं आणि रेटिंग असलेल्या किमान ५ खेळाडूंशी खेळावं लागतं. सुरुवात १४०० पासून होते.

यादीत समोर मोठा आकडा दिसला की बरीच पोरं पटावर बसायच्या आधीच हरतात. पालकांनी त्यांना वरचा हिशेब दाखवावा. १६०० च्या मुलाचे १८०० वाल्यापुढे जातील तर १०, येतील तर ३०.