पुढच्या सीझनला कोण राहतंय?

१४ मार्च २०२४, गुरुवार. पुण्यातल्या आमच्या ऑफिसात अप्रेझलचा मोसम. एकेक जण केबिनमध्ये जाऊन येत होता आणि बाहेर आल्यावर त्याच्या चेहऱ्यावरून टक्के ओळखण्याचा खेळ रंगला होता. माझा नंबर तीन वाजता. पण माझं टेन्शन वेगळंच होतं. कीबोर्डला टेकवून उभ्या केलेल्या मोबाइलवर वानखेडे स्टेडियम दिसत होतं. रणजी फायनलचा पाचवा दिवस, समोर मुंबई, आणि आमच्या विदर्भाला जिंकायला हव्या होत्या ५३८ धावा.

पाचशे अडतीस! चौथ्या डावात! असलं टार्गेट आमच्या सेल्सवाल्यांनाही कुणी देत नाही.

तरीही मी बघत होतो, कारण सकाळपासून विकेटच पडत नव्हती. आदल्या दिवशीच्या ५ बाद २४८ वरून कॅप्टन अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे यांनी सुरुवात केली आणि लंचपर्यंत दोघंही जागचे हलले नाहीत. स्कोअर ५ बाद ३३३. उरले २०५. शेजारच्या डेस्कवरचा पक्का दादरकर, जो चार दिवस मला ‘बेचाळिसावी, बेचाळिसावी’ म्हणून चिडवत होता, तोही डबा खाताना गप्प झाला. डब्यात शेवग्याच्या शेंगा होत्या, हेसुद्धा मला आठवतंय. माणूस आशेला लागला की काय काय लक्षात राहतं बघा!

मग तनुष कोटियनने वाडकरला १०२ वर पायचीत केलं. ५ बाद ३५३ चे सर्वबाद ३६८ झाले. शेवटच्या पाच विकेट्स पंधरा धावांत. मुंबई १६९ धावांनी जिंकली, बेचाळिसाव्यांदा. केबिनमध्ये तीन वाजता मला काय सांगितलं ते आज खरंच आठवत नाही.

भावना बाजूला ठेवून सांगायचं तर मॅच दुसऱ्याच दिवशी गेली होती. मुंबईला २२४ मध्ये गुंडाळल्यावर स्वतः १०५ वर आउट व्हायचं, मग मुशीर खान (१३६) आणि श्रेयस अय्यरला (९५) आरामात खेळताना बघायचं, आणि शेवटच्या दिवशी शूरवीर व्हायचं. परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करणाऱ्यांचा हा संघ आहे की काय, असं वाटून गेलं.

पण हरल्यावर संध्याकाळी घरी जाताना डोक्यात मॅच नव्हती. प्रश्न होता, पुढच्या वर्षी कोण राहतंय?

विदर्भाच्या चाहत्याला हा प्रश्न दर मार्चमध्ये पडतो. मुंबईवाल्याला पडत नाही, त्याच्याकडे एकाच्या जागी चार जण रांगेत असतात. आमच्याकडे मात्र आयटी कंपनीसारखं आहे. एखादा सीनियर पेपर टाकतो आणि मग टीममधले सगळे एकमेकांकडे बघतात. त्याच फेब्रुवारीत फैज फजल निवृत्त झाला होता. त्याच्या कॅप्टनशिपखाली विदर्भाने दोन वेळा रणजी जिंकली होती. आता आणखी कोण?

होळीला मी गावी गेलो. आमचं रोहिणखेड बुलडाणा जिल्ह्यात, मोताळा तालुक्यात. महाराष्ट्र एक्सप्रेसने मलकापूरला उतरायचं आणि पुढे एसटी. गाव घाटाच्या पायथ्याशी आहे, आणि इतिहासाच्या पुस्तकात ते दोन लढायांपुरतं येतं, एक १४३७ ची, दुसरी १५९० ची. दुसरी मला फार आवडते. बुऱ्हाणला अहमदनगरची गादी हवी होती, पण स्वतःचं बळ पुरेसं नव्हतं. त्याने खानदेशच्या राजा अली खानाला बरोबर घेतलं, इथे रोहिणखेडला जमाल खान मारला गेला आणि बुऱ्हाण निजामशहा झाला. म्हणजे बाहेरचा भिडू आणून मॅच जिंकणं ही आयडिया आमच्याकडे तरी नवीन नाही!

होळीच्या रात्री, २४ मार्चला, चौकात पोट्ट्यांचं टोळकं एका मोबाइलवर झुकलेलं होतं. अहमदाबादला मुंबई इंडियन्सची पहिली मॅच. रोहितला काढून हार्दिकला कॅप्टन केल्याचा राग इतका की होळीत कुणाच्या नावाने बोंब मारायची हे आधीच ठरलेलं होतं. मुंबई सहा धावांनी हरली. (त्या सीझनला ती टीम तळाला, दहाव्या नंबरवर राहिली. बोंब लागू पडली म्हणायची.) मी विचारलं, ‘‘अरे, दहा दिवसांपूर्वी आपला विदर्भ रणजीची फायनल हरला, माहीत आहे का?’’

‘‘कोन्ता विदर्भ?’’ एकाने विचारलं. त्याची चूक नाही. जामठ्याचं स्टेडियम इथून एका रात्रीच्या प्रवासावर, आणि आयपीएल खिशात.

फक्त माझा पुतण्या, चुलतभावाचा मुलगा, मागे मागे घरापर्यंत आला. तेव्हा आठवीत होता. डाव्या हाताने फिरकी टाकतो. पऱ्हाटी उपटून मोकळ्या झालेल्या वावरात टेनिस बॉलवर त्याने अख्ख्या गल्लीला रडवलेलं आहे.

‘‘काका, त्या टीममंदी डाव्या हाताचे किती हायेत?’’

मी सांगितलं, आदित्य सरवटे आणि हर्ष दुबे. दोघंही डावखुरे स्पिनर, दोघंही बॅटिंग करणारे.

‘‘दोन दोन? मंग मले तं जागाच नाई.’’

मी हसलो. पण बघा ना, टीमच्या यादीकडे बघण्याची हीच खरी पद्धत आहे. आपण चाहते बघतो, कोण गेलं. हा पोरगा बघत होता, कुठे जागा होते.

पाहुणे आणि घरचे

दुसऱ्या राज्याचे जास्तीत जास्त तीन खेळाडू एका संघात घेता येतात. विदर्भाने या सवलतीचं सोनं केलं असं मला वाटतं. कर्नाटकातून गणेश सतीश आला, मुंबईचा वसीम जाफर आला. २०१७ मध्ये चंद्रकांत पंडित कोच झाले. आणि १ जानेवारी २०१८ ला, इंदूरमध्ये दिल्लीला हरवून विदर्भ पहिल्यांदा रणजी चॅम्पियन झाला. त्या फायनलमध्ये रजनीश गुरबाणीने हॅट्ट्रिक घेतली होती. पुढच्या वर्षी नागपूरला सौराष्ट्राविरुद्ध पुन्हा तेच, ७८ धावांनी. तेव्हा जाफर चाळिशी पार केलेला होता आणि सीझनमध्ये त्याने १०३७ धावा ठोकल्या. फायनलचा हीरो मात्र घरचा, ११ विकेट्स घेणारा सरवटे.

पाहुण्याने धडा द्यायचा आणि घरच्यांनी मॅच काढायची, हे सूत्र जमलं की विदर्भ जिंकतो. नुसत्या पाहुण्यावर भिस्त ठेवली की हरतो. तुमच्याही ऑफिसात मोठ्या पगारावर आलेला एखादा ‘लॅटरल’ असेल, त्याच्याबाबत वेगळं काय असतं?

२०२३-२४ ला दोन पाहुणे आले, दिल्लीचा ध्रुव शोरे आणि कर्नाटकाचा करुण नायर. करुणची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. २०१६ मध्ये चेन्नईला इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३, आणि मग हळूहळू सगळ्या याद्यांमधून गायब. स्वतःच्या राज्याच्या संघातूनही. २०२२ च्या डिसेंबरात त्याने क्रिकेटकडेच आणखी एक संधी मागणारं ट्विट केलं होतं. ती संधी नागपूरने दिली.

२०२४ च्या उन्हाळ्यानंतर याद्या आल्या तेव्हा माझं तोंड कडू झालं. गुरबाणी महाराष्ट्राकडे. सरवटे केरळकडे. सरवटे! पुतण्याला फोन केला तर तो खूश. ‘‘एक कमी झाला.’’

२०२५ चा जानेवारी तर माझ्यासारख्याला आशेला लावायलाच आला होता. विजय हजारे करंडकात विदर्भ एकही मॅच न हरता फायनलला पोहोचला. करुणने तोवर ७५२ धावा केल्या होत्या आणि बाद किती वेळा झाला होता? एकदा! पाच शतकं. स्कोअरकार्डमध्ये ॲव्हरेजच्या खान्यात ७५२ हा आकडा बघून मला आधी छपाईची चूक वाटली. १८ जानेवारीला वडोदऱ्यात समोर नेमका कर्नाटक. त्यांनी ३४८ केल्या. करुण २७ वर प्रसिध कृष्णाच्या चेंडूवर बोल्ड. शोरेचं शतक झालं, हर्ष दुबेने ३० चेंडूंत ६३ मारल्या, तरी ३६ धावा कमी पडल्या. सीझनभर राजा आणि शेवटच्या शनिवारी रंक. मी तेव्हाच जाहीर करून टाकलं, आता रणजीचं काही खरं नाही.

माझ्या भविष्यवाण्यांवर पैसे लावू नका, एवढंच सांगतो. फेब्रुवारीत विदर्भाने सेमीफायनलला मुंबईला नागपुरातच ८० धावांनी हरवलं. दादरकराला त्या दिवशी मी कॉफी पाजली.

जामठ्याला जाताना

फायनल जामठ्याला, समोर केरळ. मी शुक्रवारी रात्री पुण्याहून गाडी पकडली, पहाटे मलकापूरला चुलतभाऊ पोराला घेऊन डब्यात चढला. पोराच्या हातात चकल्यांचा डबा आणि डोळ्यांत झोप. वर्धा रोडवरचं ते भलंमोठं स्टेडियम बघून मात्र झोप उडाली. अर्धा तास तो खुर्च्याच मोजत होता.

पहिला डाव आम्ही चुकवला होता. ३ बाद २४ वरून दानिश मालेवार आणि करुणने २१५ ची भागीदारी केली होती. मालेवारचा तो पहिलाच रणजी सीझन, आणि फायनलमध्ये १५३! विदर्भ ३७९, केरळ ३४२. ३७ धावांची आघाडी, ड्रॉ झाली तरी करंडक आपला. आणि केरळच्या त्या ३४२ मध्ये आमच्या सरवटेच्या ७९ होत्या.

शनिवारी करुणने शतक केलं, दिवसअखेर नाबाद १३२. रविवारी, २ मार्चला सकाळी, सरवटे बॉलिंगला आला. पोरगा पुढे सरकून बसला. एका चेंडूवर करुण पुढे आला, चुकला, आणि मागे यष्ट्या उडाल्या. १३५. पाहुण्याला घरच्याने काढलं, फक्त आता घरचा पाहुणा होता आणि पाहुणा घरचा!

आजूबाजूला सगळे गप्प. पुतण्याने माझ्याकडे बघितलं. ‘‘काका, हा तं आपलाच होता ना? टाळ्या वाजवाच्या का नाई?’’

मला उत्तर सुचलं नाही. बारा वर्षं पुण्यात नोकरी करतोय, रेशनकार्डावरून नाव कधीच गेलंय आणि होळीला गेलो की म्हातारी माणसं विचारतात, ‘‘किती दिवस मुक्काम?’’ चुलतभावाने मात्र दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या, तेव्हा आम्हीही वाजवल्या.

मॅच ड्रॉ झाली, विदर्भ तिसऱ्यांदा चॅम्पियन. ज्याची जागा रिकामी झाल्याने मी हळहळलो होतो, तिथे हर्ष दुबेने त्या सीझनला ६९ विकेट्स घेतल्या. रणजीच्या एका मोसमातला तो विक्रम आहे. सगळ्यात जास्त धावाही घरच्याच्याच, यश राठोडच्या ९६०. करुणच्या ८६३.

आणि मग पुन्हा याद्या. करुणला इंग्लंड दौऱ्यावर भारतीय संघात जागा मिळाली, नंतर २०२५-२६ साठी तो कर्नाटकात परतला. अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याला गेला. मी पुन्हा हळहळलो. (सुधारणार नाही मी.) आणि २०२६ च्या जानेवारीत विदर्भाने विजय हजारे करंडक पहिल्यांदाच जिंकला. सेमीफायनलला कर्नाटकाला हरवलं, त्यांच्याकडून करुण खेळत होता. फायनलला सौराष्ट्राविरुद्ध शतक अकोल्याच्या अथर्व तायडेचं. चला, गाडी आपल्या बाजूला सरकली, असं म्हणतो न म्हणतो तोच रणजीत गतविजेते बाद फेरीलाही पोहोचले नाहीत. शेवटच्या आठांत विदर्भाचं नाव नव्हतं. हंगामाची शेपटी पुन्हा पिवळीच.

पुतण्या तेव्हा दहावीच्या पेपरच्या तयारीत होता. तरी फोन आला. आता तो सीझन बॉलवर टाकतो, बोटांची सालं निघाली आहेत, आणि परीक्षा संपल्यावर ट्रायलचं कुठे विचारायचं याची चौकशी त्याने माझ्यावर सोपवली होती. मी म्हटलं, आधी गणित सोडव.

‘‘ते होते. मले हे सांगा, आता डाव्या हाताचे किती उरले?’’

मी म्हटलं, हर्ष दुबे आहेच, पण तो आज ना उद्या भारताकडून खेळेल असं बरेच जण म्हणतात.

पलीकडे दोन सेकंद हिशेब चालला. ‘‘मंग लवकर जाऊ द्या ना त्याले.’’