मोडनिंबचा बैलबाजार आणि आपला गळीत हंगाम



दसरा गेला की बैलाचा भाव का चढतो, असे आम्हाला पुष्कळ जण विचारतात. उत्तर आपल्या गव्हाणीतच आहे. गाडीवाला तोडणी मजूर उचल हाती पडली की जोडी बघायला निघतो. पट्टा पडला की त्यातली बरीच जनावरे पुन्हा बाजारात दिसतात, तेव्हा चारा आटलेला असतो आणि भाव बसतो. घेणाऱ्याने आधी, विकणाऱ्याने नंतर गडबड करू नये.

मोडनिंबला बाजार भरतो तो वाटेमुळे. पुणे-सोलापूर रस्ता इथून जातो. पंढरपूरची वाट इथूनच. बार्शी लाईटची अडीच फुटी गाडी १९०६ साली कुर्डुवाडीहून पंढरपूरला पोचली, तीही मोडनिंबवरून. कार्तिकीला पंढरीत जनावरांचा मोठा बाजार, म्हणजे देव आणि बैल एका खेपेत!

‘खिल्लार’ म्हणजे मुळात गुरांचा कळप. तो राखणारे ते खिल्लारी. पुढे जातीलाच ते नाव पडले. माणदेशातला आटपाडी महाल औंध संस्थानात होता, तिथला बैल नावाजलेला. ट्रक येण्याआधी असे कळप पायीच हाकले जात. पाणी आणि कडबा मिळेल तिथे मुक्काम, खुराला पत्र्या मारून पुढची मजल. चालून आलेला बैल लंगडतो की नाही, हे गिऱ्हाइकाला आपोआप कळे. टेंपोतून उतरलेल्याचे तसे नाही, त्याला चालवूनच बघावे.

दात तर बघावेच. दोनदाती साधारण अडीच वर्षांचा, आठ दात पुरे झाले की जुळला. उपरण्याखाली बोटे धरून हेडी भाव ठरवतात, त्यात नवखा माणूस फसतो. आमचे मत, भाव तोंडाने बोलायला लावावा.

२०१५ च्या कायद्याने बैल कत्तलीला देता येत नाही. त्यामुळे थकलेल्या बैलाला गिऱ्हाईक उरले नाही, हा बोजा शेतकऱ्याच्या दावणीलाच आला. २०२२ साली लम्पीने बाजार बंद पडले, तेव्हा तर तरणी जोडीही अडकली. आता १ जून २०२४ पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीला मनाई आहे. बिल्ल्याचा नंबर पावतीवर लिहून घ्यावा, मगच दावे सोडावे.