प्रवेशातील प्रादेशिक प्राधान्य आणि वडवणीचा विद्यार्थी

शिक्षणात मागे राहिलेल्यांना महाविद्यालयीन प्रवेशात प्राधान्य द्यावयाचे, तर मागासलेपण मोजावयाचे कशाने, हा प्रश्न प्रथम उपस्थित होतो. १९५१ साली राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात चौथा खंड समाविष्ट झाला आणि सामाजिक व शैक्षणिक मागासलेपण हे माप घटनामान्य झाले. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशासाठी त्याच्या जोडीस आणखी एक माप योजण्यात आले. ते प्रदेशाचे होय.

विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र असे विभाग कल्पून, राज्याच्या वाट्याच्या जागांपैकी ७० टक्के त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांस व ३० टक्के सर्व राज्यास, असे हे सूत्र होते. वरवर पाहता यात मागास विभागाचे संरक्षण दिसते. परंतु टक्केवारीचे फळ मूळ संख्येवर अवलंबून असते. समजा, दोन विभागांतील विद्यार्थिसंख्या सारखीच आहे. मात्र एकात १००० जागा व दुसऱ्यात ५०० आहेत. पहिल्यास स्वतःच्या ७०० जागा लाभतील, दुसऱ्यास अवघ्या ३५०. अंबाजोगाईस १९७४ पासून वैद्यकीय महाविद्यालय असले, तरी एकंदर मराठवाड्यात अशा जागा थोड्या. म्हणून संरक्षणाचे हे सूत्रच येथील विद्यार्थ्यांस अडसर वाटू लागले. सप्टेंबर २०२० मध्ये शासनाने ते रद्द केले. सामाजिक आरक्षण मात्र कायम राहिले.

तथापि, सूत्र गेल्याने मापाचा प्रश्न सुटला असे नव्हे. विद्यार्थ्याचा विभाग बारावीची परीक्षा कोठून उत्तीर्ण झाली यावरून ठरत असे. त्यामुळे लातुरात खासगी शिकवणी परवडणारा आणि वडवणी तालुक्यातील ऊसतोड कामगाराचा मुलगा, दोघेही एकाच मापात बसत. दिवाळीच्या सुमारास उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. शाळेच्या वर्षाचा मोठा भाग याच काळात येतो. मूल फडावर गेले तर शाळा बुडते. गावी राहिले तर घर सांभाळून शिकावे लागते. ही हानी जातीच्या दाखल्यात उमटत नाही, रहिवासाच्या दाखल्यातही नाही.

प्रदेश हे माप अगदीच निरुपयोगी आहे असे नाही. कोणत्या भागात महाविद्यालये काढावीत, हे त्यावरून ठरविता येते. परंतु प्रवेश मिळतो तो व्यक्तीस. ज्या मुलाची बारा वर्षांची शाळा दर हंगामात तुटत आली, त्याच्यापर्यंत पोहोचावयाचे तर हंगामी वसतिगृहाची सोय आधी हवी, प्रवेशातील प्राधान्य त्यानंतर. पहिल्यावाचून दुसऱ्याचा लाभ घेण्यास तो प्रवेशाच्या दारापर्यंत येणारच नाही.