‘कोरोना बॅच’ खरंच निवांत होती का?

२०२० साली पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलांवर ‘कोरोना बॅच’ हा शिक्का बसला तो बसलाच. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीची मुलं शिकतात. त्यांच्याविषयीचे चार समज तपासू या.

गैरसमज : कॉलेज बंद, म्हणजे मुलं निवांत.
वस्तुस्थिती : मार्चमध्ये वर्ग बंद झाले, परीक्षेची टांगती तलवार मात्र तशीच राहिली. २९ एप्रिलला विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) अंतिम परीक्षा जुलैत घ्यायला सुचवलं. राज्य सरकारचा कल त्या रद्द करण्याकडे होता. ६ जुलैला यूजीसीने सप्टेंबरअखेरची मुदत दिली. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, २८ ऑगस्टला निकाल आला आणि परीक्षा झाल्या ऑक्टोबरमध्ये. तोवर पुस्तक मिटताही येईना आणि अभ्यासात मनही लागेना.

गैरसमज : ही मुलं परीक्षा न देताच पास झाली.
वस्तुस्थिती : आधीच्या वर्षांना अंतर्गत आणि मागच्या सत्राच्या गुणांवर पुढच्या वर्गात घालण्याची मुभा होती. अंतिम वर्षाला नव्हती. तारीख वाढवून मागा, पण परीक्षेविना पदवी नाही, असाच न्यायालयाच्या निकालाचा अर्थ होता.

गैरसमज : घरबसल्या ऑनलाइन, त्यात कसला ताण?
वस्तुस्थिती : २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातल्या शंभरातल्या जेमतेम १५ घरांत इंटरनेट होतं, संगणक ४ घरांत. घरात स्मार्टफोन एकच असेल, तर वडील तो घेऊन शेतात गेले की लेक्चर बुडालंच. तो हाती आला, तरी रेंज आणि नेटपॅक यांचा घोर वेगळाच.

गैरसमज : परीक्षा पुढे ढकलली की ताण हलका होतो.
वस्तुस्थिती : पदवीची मुलं सोडा, लातुरात मुक्काम ठोकून वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेची तयारी करणाऱ्यांनाही विचारा. ३ मेची परीक्षा २६ जुलैवर गेली, मग १३ सप्टेंबरवर. दर वेळी उजळणी पहिल्यापासून. अनिश्चितता लांबली की झोप उडते, वाचलेलं लक्षात राहत नाही, चिडचिड वाढते. घरच्यांना तो आळस वाटतो. ही लक्षणं दोन आठवडे टिकली, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला गाठावं. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो, मराठीतूनही बोलता येतं.

पुन्हा अशी साथ आलीच, तर परीक्षा केव्हा आणि कशी, हे एकदाच आणि वेळेत सांगावं. अवघड पेपरची तयारी मुलं करतात, रोज बदलणाऱ्या तारखेची कशी करणार?