खाऱ्या पाण्याच्या टाकीतले शेवाळ

गडहिंग्लजमध्ये समुद्री माशांची टाकी ठेवायची, तर समुद्र घरातच तयार करावा लागतो. शेवाळाचे मूळ बहुतेक वेळा तिथेच असते. हिरण्यकेशीकाठच्या उसाच्या पट्ट्यात बोअरच्या पाण्यात खतांतले नायट्रेट उतरलेले असू शकते, आणि काळ्या खडकातून आलेल्या पाण्यात सिलिका असते. असे पाणी वापरणे म्हणजे शेवाळाला खत घालणेच. म्हणून आरओचे पाणी घ्या. मात्र स्वयंपाकघरातल्या बऱ्याच आरओ यंत्रांत चवीसाठी मूळ पाणी थोडे परत मिसळतात, तो नॉब बंद करा. टीडीएस शून्याजवळ आला की लिटरला साधारण 35 ग्रॅम समुद्री मीठ घाला. पाणी आटले तर वरून गोडेच पाणी घाला, कारण मीठ उडून जात नाही.

नव्या टाकीतला तपकिरी थर बहुधा आपोआप ओसरतो. हिरवे केसाळ शेवाळ मात्र हातानेच काढावे. जुना टूथब्रश त्यात गोल फिरवला की धागे गुंडाळले जातात. सुटलेले तुकडे नळीने लगेच ओढून घ्या, नाहीतर ते दुसऱ्या दगडावर रुजतात. लालसर, बुळबुळीत पापुद्रा हे शेवाळ नसून जिवाणू आहेत. तिथे पाण्याचा प्रवाह वाढवा.

दिवा आठ तासांपुरताच, खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच आणि दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदल. शेवाळनाशक औषधांच्या वाटेला जाऊ नका: तांबे असलेले औषध गोगलगायी आणि प्रवाळ दोन्ही मारते.